महिला : निरंक

आरोग्य केंद्रातली बाळंतपणाची खोली तालुक्याला हलवावी की नाही, हे पाच गावांनी मिळून सांगायची बैठक मी मिरचीच्या तोड्यात ठेवली. आषाढातला मंगळवार, सकाळी अकरा. बायका आल्या नाहीत. एकसुद्धा आली नाही. खोली गेली.

झालं ते एवढंच आहे. पुढं जे लिहितोय ती सारवासारव, आणि सारवासारवीला माझा हात चांगला आहे. म्हणूनच तर मला त्या समितीचा सचिव केलं होतं.

आमच्याकडं आषाढ डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतो. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फाटा आहे. दुपारचे तीन वाजले की फाट्यावरची हवा तिखट होते. मिरचीच्या गोण्या भरलेले टेम्पो एकामागोमाग निघतात, आणि एस.टी.तला परगावचा माणूस शिंकायला लागतो. गाडीतले बाकीचे एकमेकांकडं बघून गालात हसतात. आपल्याला शिंक येत नाही याचा आम्हाला अभिमान आहे. अभिमानाला आमच्याकडं दुसरं फारसं काही नसल्यामुळं तो जपून वापरावा लागतो.

ओल्या मिरचीचा वास वाळल्या मिरचीसारखा अंगावर येत नाही. तो आधी गोड वाटतो, कच्च्या पानासारखा, आणि मग घशाच्या मागं जाऊन बसतो. बायका सकाळी सातला तोड्याला जातात. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, तोंडाला फडकं, कमरेला तोडलेली मिरची टाकायची ओटी. दिवसभर वाकून तोडतात, आणि घरी आल्यावर आधी हात धुतात. साबणानं, मग राखेनं, मग ताकानं, मग खोबरेल तेल चोळून परत साबणानं. तरी आग राहतेच. म्हणून मिरची तोडून आलेली आई लेकराला लगेच उचलून घेत नाही. लेकरू हात पसरून रडत असतं आणि आई दोन हात अंगापासून लांब धरून उभी असते, पोलिसांनी हात वर करायला लावल्यासारखी. हे चित्र मी लहानपणापासून बघत आलोय. माझी आई अशीच उभी राहायची. ह्या चित्राचा माझ्या मंगळवारच्या बैठकीशी काही संबंध असेल, हे मात्र मला पन्नाशी उलटेपर्यंत सुचलं नाही.

आता त्या खोलीबद्दल सांगतो. आरोग्य केंद्राच्या मागच्या बाजूला, कडुलिंबाच्या सावलीत एक खोली होती. अजून आहे, खोली कुठं जाते? खाली हिरवट फरशी, भिंतीला कमरेइतक्या पांढऱ्या टाइल्स, मध्ये लोखंडी टेबल आणि लिंबाकडं उघडणारी एक खिडकी. आत बाळंतपण चाललं असलं की खिडकी बंद. बाहेर पारावर नवरा, सासरा, मामा, आणि ज्यांचा काही संबंध नाही असे माझ्यासारखे दोनतीन जण. आतलं काही कळायचं नाही. मग एका क्षणाला खिडकीची कडी निघायची. त्या खिडकीचं बिजागर असं काही कुरकुरायचं की अर्ध्या गावाला ऐकू जावं. सिस्टर सगळं आटोपल्यावर वारा घ्यायला खिडकी उघडायच्या, पण आम्हाला तीच बातमी असायची. कुरकुर ऐकली की पारावरचे लोक उभे राहायचे. बिजागराला तेल घालू नका असं कोणी ठरवलेलं नव्हतं, पण कोणी घातलंही नाही. माझी मुलगी झाली तेव्हा ती कुरकुर ऐकून मी उभा राहण्याऐवजी पारावरून खाली जमिनीवर बसलो. सासऱ्यांनी आधी मला पाणी पाजलं, मग नातीला बघायला गेले.

आरोग्य खात्याचं पत्र आलं ते उन्हाळ्यात. केंद्रातील प्रसूतींची संख्या अल्प असल्याने सदर सेवा तालुक्याच्या रुग्णालयात वर्ग करण्याचे प्रस्तावित आहे; संबंधित पाचही ग्रामपंचायतींनी आपले एकत्रित अभिप्राय कळवावेत. पत्रात सगळ्यात अवघड शब्द होता, एकत्रित. आमच्या पाच गावांचा दवाखाना एक आहे, एवढंच. पाझर तलावाचं पाणी, यात्रेचा दिवस, एस.टी.चा थांबा, यातल्या कशावर ही पाच गावं कधी एका सुरात बोललेली नाहीत. मी तेव्हा आमच्या गावचा उपसरपंच होतो. अक्षर बरं होतं. तेव्हा प्रत्येक गावानं दोन माणसं द्यायची, दहा जणांची संयुक्त समिती करायची, प्रस्ताव नीट तपासायचा आणि उत्तर लिहायचं तात्यानं, असं ठरलं. तात्या म्हणजे मी.

अध्यक्ष शेजारच्या गावचे रफिकभाई. मिरचीचे व्यापारी, स्वतःचीही पाच एकर मिरची, आणि कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंना चहा पाजायची त्यांची सवय. असा माणूस अध्यक्ष लागतो. पहिल्या बैठकीत प्रस्तावाचं पत्र कोणी वाचलंच नाही. प्रश्न होता, उत्तराच्या कागदावर पाच गावांची नावं कुठल्या क्रमानं टाकायची. कोणी म्हणालं लोकसंख्येनं. कोणी म्हणालं अक्षराच्या क्रमानं. शेवटी रफिकभाईंनी तोडगा काढला.

“भाई, रस्त्यावर जशी येतात तशी टाका. पहिलं लागतं ते पहिलं.”

सगळे बराबर बराबर म्हणाले. मग कोपऱ्यातून एकानं विचारलं, “पन रस्ता कुठून सुरू व्हतो? तालुक्याकडून का धावड्याकडून?”

त्यावर आणखी दीड तास गेला.

दुसऱ्या बैठकीत शिक्का. समिती म्हटल्यावर शिक्का पाहिजे. गोल शिक्क्यात पाच गावांची नावं मावेनात, तर शिक्केवाल्यानं ती इतकी बारीक केली की कागदावर ठसा मारला की माशी चिरडल्यासारखं दिसायचं. मधोमध ‘संयुक्त’ तेवढं ठळक वाचता यायचं. मी तो शिक्का अजून ठेवलाय. कधी जास्त शहाणपण सुचायला लागलं की कपाट उघडून बघतो.

हसू येतं आता, पण तेव्हा रोज संध्याकाळी मी चिडलेला असायचो. दहा शहाणी माणसं एका खोलीत बसतात आणि जे तपासायला बसली ते सोडून सगळं तपासतात. एक सरपंच प्रत्येक बैठकीत स्मशानभूमीच्या शेडचा विषय काढायचे. बाळंतपणाच्या खोलीच्या बैठकीत! दोन गावांना सरपंच बाया होत्या, पण बैठकीला त्यांचे नवरे यायचे, बायकोच्याच सहीचा सराव करून. आणि मी, सचिव, यात काही वावगं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. मी त्यांना ‘या सरपंच’ म्हणूनच खुर्ची द्यायचो.

तिसऱ्या बैठकीत मात्र एक चांगली गोष्ट झाली, आणि ती आमच्या कोणाच्या हुशारीनं नाही. दवाखान्यातल्या सिस्टर काहीतरी कागदावर सही घ्यायला आल्या होत्या, त्या दारातच थांबून ऐकत होत्या. आम्ही ‘प्रसूतींची संख्या अल्प’ यावर घोळ घालत होतो. लोकच आळशी झाले, लोकांना खासगी दवाखान्याचा शौक, असं चाललं होतं. सिस्टरनी विचारलं, “मी बोलू का?”

रफिकभाई म्हणाले, “बोला बाई. आम्ही तर बोलूनच राह्यलो.”

“टाकी फुटून दोन वर्सं झाली. नळाला पाणी न्हाई. बाई कळा देत आली तर मी हात कशानं धुऊ? घागरीनं? दोनदा केलं तसं, जीव मुठीत धरून. मंग मी म्हणते, जा माय तालुक्याला. मंग माझ्या रजिस्टरात आकडा कमी होतो. मंग वरून पत्र येतं का तुमच्या हितं बाळंतपणं कमी, खोली उचला.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “मी किती बायांना परत धाडलं ते कुठल्याच रजिस्टरात न्हाई.”

 त्यावर शेडवाले सरपंचसुद्धा शेड विसरले.

त्या दिवशी मी घरी येऊन माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य लिहिलं. ‘बाळंतपणं कमी म्हणून पाणी नाही, की पाणी नाही म्हणून बाळंतपणं कमी, याची प्रशासनाने आधी तपासणी करावी.’ मी ते बायकोला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “समजलं. आता भाजी निवडू लागा.”

आमच्या पत्राला उत्तर आलं की खात्याचे साहेब स्वतः येतील, गावकऱ्यांचं म्हणणं ऐकतील, आणि त्या दिवशीच्या नोंदीवर निर्णय होईल. तारीख समितीनं कळवावी. आमचा बेत साधा होता. ज्यांना परत जावं लागलं त्या बाया समोर बसून सांगतील. रजिस्टरात जे नाही ते त्यांच्या तोंडून येईल. सगळा खेळ त्या बायांवर होता. हे मला माहीत होतं. हेच तर मला रडू आणणारं आहे, की हे मला माहीत होतं.

आता माझा शहाणपणा ऐका. बाकीच्या चार गावांच्या बाया हंगामात येणार नाहीत हे धरलेलंच होतं, भरवसा होता तो आमच्या गावच्या एकुलत्या तोड्याच्या टोळीवर. वीसेक बाया, आणि त्यांची मुकादम माझी बायको. ओली मिरची आठ-दहा दिवसांनी परत तोडावीच लागते, नाहीतर झाडावर लाल पडते आणि भाव जातो. म्हणून टोळी आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. सोमवारी माझा तोडा होता. सोमवारी माझ्याकडं संपलं की मंगळवारी बाया मोकळ्या, असं मी धरलं. म्हणजे माझी मिरची संपली की जगातली मिरची संपली. मी नोटीस काढली, शिक्का मारला, रफिकभाईंची सही घेतली. बायको म्हणते, तिनं सांगितलं होतं मंगळवारचं रान आधीच बोलून ठेवलंय म्हणून. मी म्हणतो, मला आठवत नाही. दोन्ही खरं असणार. तेव्हा मी शर्टाला इस्त्री करून राहिलो होतो.

मंगळवारी साहेब अकराला आले. बरोब्बर अकराला. ही शक्यता आम्ही धरलेलीच नव्हती. पंचायतीसमोर मांडव, पन्नास लाल खुर्च्या, फुलांचा गुच्छ, आणि पहिल्या रांगेत दहा समितीवाले, अकरावे ग्रामसेवक. मागच्या एकोणचाळीस खुर्च्यांवर ऊन-सावली खेळत होती. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

“महिला येणार होत्या ना?”

एका सरपंचांचे नवरे उठले. “साहेब, आमच्या मिशेस सरपंच हायेत. त्यांच्या वतीनं मी हाये. माझी सही तिचीच समजा.”

साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, मिशांकडं बघितलं. “मग तुम्हाला महिलांमध्ये धरू?”

हशा पिकला. मी पण हसलो, लाज नाही वाटली. सिस्टर बाजूला खांबापाशी उभ्या होत्या. मी म्हणालो, साहेब, ह्या आहेत की. साहेब म्हणाले, “त्या कर्मचारी. त्यांना धरता येत नाही.”

रफिकभाई माझ्या कानाशी आले. “तात्या, औरतें कहाँ हैं?”

“तोड्याला गेल्या वाटतं.”

“किसके?”

मी मोटारसायकलला किक मारली. गावात विचारत विचारत गेलो. बाया होत्या रफिकभाईंच्याच रानात. अध्यक्षांच्या स्वतःच्या पाच एकरांत. नोटिशीवर सही करताना तारीख त्यांनी वाचली नव्हती, आणि रानात टोळी कधी येते ते त्यांचा भाऊ बघायचा. नंतर मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, “दस्तखत मैंने किया. पढ़ना तो तुम्हारा काम था ना, तात्या.” हे मला अजून नीट पटलेलं नाही.

रानात हिरव्या ओळींच्या मध्ये वीस पाठी वाकलेल्या. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात मी बांधावर उभा. पहिली हाक बायकोचीच आली. “का वो, तोडाया आले का?” वीस जणी हसल्या. मी ओरडून सांगितलं, साहेब आलेत, चला, दहा मिनिटं चला.

“अर्धा तोडा टाकून?” बायको म्हणाली. “तीनला गाडी भरती. माल हितंच बसला तर रफिकभाई मला इचारतील, तुम्हाला न्हाई.”

तेव्हा कविता उभी राहिली. आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातली, शाळेत माझ्या मुलीच्या वर्गात होती. सहावा महिना होता. पहिला मुलगा तिचा त्याच खोलीत झालेला, घागरीच्या पाण्यानं हात धुऊन सिस्टरनी केलेल्या दोनांपैकी तो एक. दुसऱ्याचं काय होणार हे ठरायचं होतं ते त्याच दिवशी, त्याच मांडवात, आणि बोलायला सगळ्यात जास्त हक्क तिचाच होता. तोंडावरचं फडकं खाली करून ती म्हणाली, “तात्या, आम्हाला येता येत न्हाई तर साहेबालाच हितं आणा ना. गाडी हाये त्यांच्याकडं. बांधावर हुभं राहून लिहतील. आम्ही तोडत तोडत सांगतो.”

मी हसलो. खरंच हसलो. म्हणालो, “असं कुठं असतं का बाई? सरकारी बैठक असती ती. बांधावर घेतात का?”

नोटीस काढली ती चूक नव्हतीच, ती फक्त मूर्खपणा होता. चूक ही होती. उपाय समोर उभा होता, पोटात सहा महिन्यांचा जीव घेऊन, आणि मी त्याला कार्यपद्धती समजावून सांगत होतो.

तरी काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून मी दोन गोण्या उचलून बांधाला लावल्या. लवकर आटोपा म्हणालो. मोटारसायकलवर बसताना घाम आला होता, तो हातानं पुसला. डोळ्यावरचा.

मांडवात पोचलो तेव्हा मला काही दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. मला खूप बोलायचं होतं. ते वाक्य होतं माझ्याकडं, पाणी नाही म्हणून बाळंतपणं कमी. मी उभा राहिलो, ‘साहेब, पाणी…’ एवढं म्हणालो आणि हुंदका आल्यासारखा आवाज निघाला. परत ‘पाणी…’ म्हणालो. ग्रामसेवकानं ग्लास आणून दिला. साहेब उठले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तुमच्या भावना मी समजू शकतो.”

“भावना न्हाई साहेब, मिरची…”

“बसा, बसा. शांत व्हा.”

नोंदीची प्रत माझ्याकडं आहे. साहेबांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. उपस्थिती : पुरुष अकरा. महिला : निरंक. चर्चेदरम्यान उपसरपंच भावनाविवश झाले. उपस्थितांपैकी अन्य कोणी ठोस हरकत नोंदविली नाही.

निरंक. इतका स्वच्छ शब्द आहे तो. कोणी आलं नाही असं लिहिलं असतं तर निदान का आलं नाही असं वाचणाऱ्याच्या मनात आलं असतं. निरंक म्हटलं की वीस बाया पुसल्या जातात आणि कागदावर डागही पडत नाही.

साडेतीनला बाया रानातून थेट पंचायतीवर आल्या. हात न धुता, तसेच अंगापासून लांब धरून. मांडववाला खुर्च्या रचून राह्यला होता. बायकोनं रचलेल्या खुर्च्यांकडं बघितलं, माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघितलं, आणि हात धुवायला घरी गेली. 

भाद्रपदात लोखंडी टेबल टेम्पोत चढलं. सिस्टरची बदलीही टेबलाबरोबरच. जाताना त्यांनी खिडकी लावून घेतली, तेव्हा ती कुरकुरली, आणि पारावर बसलेला एक म्हातारा सवयीनं उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. परत बसला. मला त्या माणसाचा तो परत बसतानाचा चेहरा विसरता येत नाही.

आणि पुढच्याच महिन्यात टाकी दुरुस्त झाली! आमच्याच पत्रामुळं, असं उत्तर आलं. आपण उपस्थित केलेल्या पाणीपुरवठ्याच्या मुद्द्याची दखल घेण्यात आली आहे. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या वाक्याचं फळ. आता त्या नळाला धो धो पाणी येतं आणि हात धुणारं कोणी नाही. खोलीत खोकी भरून ठेवलीत, खिडकीला आतून खोकी टेकवलेली. साहेबावर चिडावं, तर तो समोर दिसलं ते लिहून गेला. रफिकभाईवर चिडावं, तर चहा समोर येतो. मग उरतो तो शर्ट, इस्त्रीचा. तो मी परत घातला नाही. म्हणजे वर्षभर नाही घातला. मग एका लग्नात घातला.

दसरा झाला आणि दिवाळी यायची होती तेव्हा कविताला दुपारी कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्स आली, लवकरच आली, खोटं कशाला बोलू. बायको सोबत गेली. तालुक्याच्या रस्त्यावर पुलाचं काम चालू होतं, खाली नाल्यातून वळणरस्ता काढलेला. तिथं एक उसाचा ट्रॅक्टर रुतला होता, दोन्हीकडं गाड्या. मक्याच्या रानाशेजारी, थांबलेल्या गाडीत, पोरगी झाली. बायकोनं स्वतःचं लुगडं सोडून मागच्या दाराला धरलं होतं, आणि ट्रॅक्टरवाल्यानं सगळ्या गाड्यांचे हॉर्न बंद करायला लावले. माय-लेकी दोघी वाचल्या. कविताला रक्त फार गेलं, दोन महिने उठता आलं नाही. ह्या वाक्यावर मला गंमत करता येत नाही. बाकी बऱ्याच जागी जमली, इथं जमत नाही.

ती स्वतः मात्र करते. पोरगी बघायला गेलो तेव्हा अंथरुणावरूनच म्हणाली, “गाडी त्या खड्ड्यात अशी आदळली तात्या, का पोरगी म्हणली, मी उतरते हितंच.” पोरीचं नाव यशोधरा. आता बालवाडीत जाते. मला बघितलं की दोन्ही डोळे चोळून रडायची नक्कल करते. तिला हे कोणी शिकवलं ते मी विचारलेलं नाही, कारण मला माहीत आहे. माझ्या बायकोनं.

आणि आता परत आषाढ आलाय. फाट्यावर परत लोक शिंकून राह्यलेत. ह्या वेळेला पत्रही आलंय. नवीन साहेब, नवीन पत्र. तालुक्याला गर्दी वाढल्याने सदर केंद्रातील प्रसूती सेवा पूर्ववत करण्याबाबत फेरविचार प्रस्तावित आहे. संबंधित ग्रामपंचायतींनी आपले एकत्रित अभिप्राय कळवावेत. तोच शब्द. माशी चिरडलेला शिक्का मी कपाटातून काढला. समिती परत बसली. रस्ता कुठून सुरू होतो यावर ह्या वेळेला पाऊण तासच लागला, म्हणजे प्रगती आहे. शेडवाल्या सरपंचांना शेड मिळालं, त्यामुळं ते आता त्याच्या दुरुस्तीचा विषय काढतात. सुनावणीत महिलांची उपस्थिती आवश्यक, असं पत्रात ह्या वेळेला अधोरेखित करून लिहिलंय. म्हणजे बाया आल्या तर खोली येईल. नाही आल्या तर खोकी तशीच राहतील, आणि कविताची धाकटी जाऊ, जिला पाचवा महिना चालू आहे, तिला तोच वळणरस्ता आहे. पूल अजून व्हायचाय.

रफिकभाई म्हणाले, “तात्या, लिखना है तो लिखो. तारीख तुम मत रखो.”

मला राग आला. पण मी ह्या वेळेला तयारी केली होती. नोटीस काढायच्या आधी नवीन साहेबांना फोन केला. म्हणालो, साहेब, आमच्याकडं मिरचीचा हंगाम आहे, बाया रानात असतात, तुम्ही बांधावर याल का? साहेब म्हणाले, येतो की, त्यात काय. त्यात काय! चार-पाच वाक्यांचा फोन. त्या वेळी तो करायला मला कोणी अडवलं होतं?  फोन ठेवला आणि ही बातमी सांगायला रानात गेलो. मनात थोडं असंही होतं की आता वीस जणी काहीतरी चांगलं म्हणतील.

टोळी माझ्याच रानात होती. बांधावर लुगड्याच्या झोळीच्या सावलीत यशोधरा गोण्यांची सुतळी बोटाला गुंडाळत बसली होती. मला बघून तिनं डोळे चोळून दाखवले. मी बांधावर उभा राहिलो, घसा साफ केला, सांगितलं. साहेब इथं येणार. बैठक बांधावर. कोणाला तोडा सोडायची गरज नाही. तुम्ही तोडत तोडत बोला, मी लिहून घेतो. “कविता, तुझीच कल्पना ही,” मी म्हणालो, मोठ्या मनानं.

कविता उभी राहिली. पाठ सरळ करायला तिला आता वेळ लागतो. फडकं खाली केलं.

“तोडत तोडत काहून बोलाचं?”

“तूच म्हणालीस ना तव्हा…”

“तव्हा पोटात पोर व्हती तात्या, घाई व्हती. तुमच्या लोकांनी खुर्च्यांवर बसून खोली घालवली, आन् आम्ही वाकून वाकून परत मागायची? बैठक पंचायतीतच ठेवा. पंखा लावा. खुर्च्या लावा. आम्ही ईसच्या ईस जणी येतो, हात धुऊन, बराबर अकराला.”

“आन् तोडा?” मी विचारलं. मिरची माझी होती.

तिनं कमरेची ओटी सोडली, त्यातल्या मिरच्या गोणीत रिकाम्या केल्या आणि ती रिकामी ओटी माझ्यापुढं धरली. मागं बायको हसायला लागली होती.

“तोड्याला तुम्ही अकरा जण या,” कविता म्हणाली. “आन् तात्या, डोळ्याला हात लावू नका.”